व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजत नाहीत, मग त्या छापतात कशाला?

व्हीव्हीपॅट म्हणजे मतदान यंत्राला जोडलेलं छपाईचं यंत्र; बटण दाबलं की आपल्या चिन्हाची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. छापतात, कारण सर्वोच्च न्यायालयाने छापायला लावल्या. सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल आला, की मुक्त आणि निःपक्ष निवडणुकीसाठी कागदी पुरावा अत्यावश्यक आहे. त्यातला किती मोजायचा, हे घोंगडं तेव्हापासून भिजत पडलंय.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, निवडणूक ड्युटी कधी चुकली नाही. २०१९ च्या लोकसभेला केंद्राध्यक्ष होतो. सकाळी एजंटांसमोर मॉकपोल, म्हणजे सरावाचं मतदान, झाला, त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील झाल्या, सगळं नियमाने. भर दुपारी एक आजोबा मत देऊन आले आणि माझ्या टेबलाशीच थांबले. "गुरुजी, बटण एक दाबलं, काचंत चिन्ह दुसरंच आलं." एजंट ताडकन उभे राहिले. मी अशा तक्रारीसाठीच्या ४९एमए नियमाचा फॉर्म काढला. तक्रार लेखी द्यायची, मग सगळ्यांसमोर चाचणी मत द्यायचं, आणि चिठ्ठी बरोबर निघाली तर तक्रारदारावरच कारवाई, सहा महिन्यांपर्यंत कैद. हे वाचून दाखवणं माझं कामच. "सहा महिने" ऐकल्यावर आजोबांनी टोपी सारखी केली. "जाऊ द्या, माझीच नजर चुकली असंल."

रांग पुढे सरकली. मला अजून संताप येतो, आणि तो आजोबांचा नाही. चाचणी मतात पुढची चिठ्ठी तपासतात. त्यांची चिठ्ठी तर पेटीत पडलेली! ती पेटी मोजली असती तर मशीनचा आणि कागदाचा आकडा जुळतो का, एवढं तरी कळलं असतं. पण दर विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रं सोडतीने निघतात (आधी एकच होतं, न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पाच केली). आमचं निघालं नाही.

सगळ्या का मोजत नाहीत? आयोग म्हणतो वेळ लागेल, आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयानेही शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली. लागू दे की वेळ. मतदान आणि निकाल यांच्यात कित्येक आठवडे मशीनं स्ट्राँगरूममध्ये बसून असतात, तेव्हा कुणाला घाई नसते.

माझा साडू संगणकवाला. दर दिवाळीला त्याचं एकच, "फोनवरून पैसे पाठवताना कागद मागतोस का?" अहो, बँकेतल्या व्यवहारावर माझं नाव असतं, पासबुक भरून आणलं की चूक सापडते. मतावर नाव नसतं, नसायलाच हवं. म्हणून नंतर येऊन 'हे माझं मत नव्हे' असं कुणाला सिद्धच करता येत नाही. बघायचं ते त्या सात सेकंदांत, नाहीतर मोजणीत. बरं, साडू राहतो जर्मनीत! तिथल्या घटना न्यायालयाने मार्च २००९ मध्ये त्यांची मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. याचिका केली होती एका भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या वडिलांनी. तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणी पडताळता आली पाहिजे, हे न्यायालयाचं म्हणणं. तिथे आजही कागदावर फुली मारतात. हा विषय निघाला की साडूचं नेट नेमकं जातं.

निकाल फिरवले जातात असं मी म्हणत नाही, तसा पुरावा मी पाहिलेला नाही. जर्मनी आपल्यापेक्षा कितीतरी लहान, हेही खरं. आणि मला मतपत्रिका परत नकोत, बाद मतांवरून झालेल्या मारामाऱ्या पाहिल्यात. छापलाय तो कागद मोजा, बास.

तुम्हाला खरंच तळमळ असेल तर मोजणी एजंट व्हा आणि शेवटपर्यंत बसा. आघाडी दिसली की आपले एजंट गुलालाकडे पळतात आणि पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या वेळी टेबलाशी चिटपाखरू नसतं. फरक निघाला तर नियमाने चिठ्ठ्यांचाच आकडा धरतात, हे साडूला माहीतच नव्हतं. नगरपालिकेला मात्र काच शोधत बसू नका, २०२५ च्या नगरपरिषदांना व्हीव्हीपॅट लावलंच नव्हतं.