वाचक विचारतात : मोजक्या रात्रींचा नायक

मागील अंकात २०२४ च्या 'शोगुन' मालिकेविषयी लिहिताना १९८० च्या जुन्या 'शोगुन'चा आणि तिचे नायक रिचर्ड चेंबरलेन यांचा दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे येतील, असे वाटले नव्हते. इंदूरच्या मराठी घरांत या अमेरिकन नटाची आठवण अजून टिकून आहे हे पाहून या वेळचे सदर त्यांच्याविषयीच्या प्रश्नांसाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : चेंबरलेन यांना 'मिनिसिरीजचा राजा' म्हणत, असे आपण लिहिले. सिनेमात ज्यांचे जमत नाही ते दूरचित्रवाणीकडे वळतात, असा आपल्याकडे समज आहे. त्यांचेही तसेच झाले काय? (एक वाचक, तिलकनगर)

उत्तर : हा समज केवळ आपल्याकडचा नाही, अमेरिकेतही तो होता आणि त्याने चेंबरलेन यांचा बराच काळ पिच्छा पुरवला. त्यांचा जन्म ३१ मार्च १९३४ चा, लॉस एंजेलिस परिसरातला. १९६१ ते १९६६ या काळात एनबीसी वाहिनीवर 'डॉ. किल्डेअर' ही रुग्णालयातील मालिका चालली आणि तिच्यातील तरुण, सरळमार्गी डॉक्टरच्या भूमिकेने ते घराघरांत पोहोचले. पाच हंगाम एकच पांढरा कोट अंगावर चढवल्यानंतर नटाचे जे होते तेच त्यांचेही झाले. लोकांना त्यांच्यात डॉक्टरखेरीज दुसरे काही दिसेना.

तरीही सिनेमाने त्यांना नाकारले, असे म्हणता येत नाही. केन रसेल यांच्या चित्रपटात ते संगीतकार चायकोव्हस्की झाले, १९७३ मध्ये मस्केटिअर्सच्या चित्रपटात ॲरमिस झाले आणि १९७४ च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'मध्ये उंच इमारतीत हलक्या प्रतीची वायर घालून पैसे वाचवणारा, म्हणजे अख्ख्या आगीला कारण ठरणारा जावईही त्यांनीच रंगवला. पुढे १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दिग्दर्शक पीटर वेअर यांच्या 'द लास्ट वेव्ह'मध्ये ते प्रमुख भूमिकेत होते. अपयशी नटाच्या वाट्याला एवढे येत नाही. मात्र मोठ्या व्यावसायिक चित्रपटांत ते बहुधा अनेकांपैकी एक असत.

त्याच सुमारास अमेरिकन वाहिन्यांना मिनिसिरीज हा एक नवा प्रकार गवसला होता : जाडजूड कादंबरी घ्यायची, तिला आठ, दहा, बारा तास द्यायचे आणि शक्यतो लागोपाठच्या रात्री ती दाखवून संपवायची. १९७६ च्या 'रिच मॅन, पुअर मॅन'ने वाट मोकळी केली आणि जानेवारी १९७७ मध्ये आठ रात्री चाललेल्या 'रूट्स'ने देशाला घरी बसवले. या प्रकाराला असा नायक हवा होता, ज्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा आहे, ज्याला जुन्या काळचे कपडे शोभतात आणि जो एकाच गोष्टीत तिशीपासून म्हातारपणापर्यंत पटण्यासारखा वावरू शकतो. सिनेमातील मोठ्या ताऱ्यांना लहान पडद्यावर येणे कमीपणाचे वाटे. चेंबरलेन यांना ते वाटले नाही. १९७८-७९ च्या 'सेंटेनियल'मध्ये दाढीआड चेहरा लपवून ते फरचा व्यापार करणारे स्कॉटिश मॅकीग झाले. मग १९८० मध्ये 'शोगुन', १९८३ मध्ये 'द थॉर्न बर्ड्स', १९८५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात हंगेरीतल्या ज्यूंना वाचवणारे स्वीडिश मुत्सद्दी वॉलेनबर्ग यांच्यावरील मालिका, १९८६ मध्ये 'ड्रीम वेस्ट' आणि १९८८ मध्ये 'द बोर्न आयडेंटिटी' अशी रांगच लागली.

माझे मत विचाराल, तर त्यांचे खरे बळ हातचे राखून ठेवण्यात होते. मनातले सगळे चेहऱ्यावर न आणता ते प्रेक्षकाला ताटकळत ठेवीत. दोन तासांच्या चित्रपटात असा नट थंड वाटतो. दहा तासांच्या कथेत तेच त्याचे भांडवल होते, कारण चौथ्या रात्रीसाठीही त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असते.

प्रश्न : १९८० च्या दशकात आम्ही 'शोगुन'ची कॅसेट पाहिली होती. गोष्ट जागोजागी तुटल्यासारखी वाटली आणि दोन तासांत संपलीही. आपण तर पाच रात्रींची मालिका म्हणता. चूक कोणाची? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : चूक ना आपली, ना माझी. मूळ मालिका १९८० च्या सप्टेंबरमध्ये एनबीसीवर पाच रात्री दाखवली गेली. जाहिराती धरून ती बारा तासांची होती. तिच्यातूनच कापून सुमारे दोन तासांची एक आवृत्ती अमेरिकेबाहेरच्या चित्रपटगृहांसाठी काढण्यात आली आणि पुढे तीच कॅसेटवरही आली. आपल्या हाती ती लागली असणार. माझीही पहिली ओळख तिच्याशीच झाली. जेल रोडवरून व्हीसीआर आणि चार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणायच्या, वाड्यातल्या चार बिऱ्हाडांनी एका खोलीत दाटीवाटीने बसायचे आणि सकाळी दुकान उघडताच सगळे परत करायचे, अशा त्या रात्री होत्या. त्या घाईत कथेतले दुवे निसटले, तर ते आपल्या डुलकीमुळे निसटले असेच प्रत्येकाला वाटे.

त्या कापाकापीत मालिकेचा प्राणच गेला होता. जॉन ब्लॅकथॉर्न हा इंग्रज खलाशी १६०० साली जपानच्या किनाऱ्याला लागतो आणि तेथील भाषेचे अक्षरही त्याला कळत नाही. मूळ मालिकेत जपानी संवादांना उपशीर्षके दिलेली नव्हती. ब्लॅकथॉर्नला जेवढे कळेल, बहुतेक वेळा तेवढेच प्रेक्षकाला कळे. बाकीच्यासाठी मारिको या दुभाषी स्त्रीच्या किंवा ऑर्सन वेल्स यांच्या निवेदनाच्या तोंडाकडे पाहावे लागे. एकेक शब्द शिकत परका माणूस 'आंजिन', म्हणजे जहाजाचा वाटाड्या, या नावाने तिथलाच कसा होतो, हे पाहायला वेळ लागतो. दोन तासांच्या आवृत्तीत तो जणू रात्रीतून जपानी शिकतो. चित्रीकरण जपानमध्येच झाले आणि समोर सरदार तोरानागाच्या भूमिकेत जपानचे नामवंत नट तोशिरो मिफुने होते, हेही विसरू नये. लेखक जेम्स क्लॅवेल यांची पहिली पसंती जेम्स बाँड गाजवणाऱ्या शॉन कॉनरी यांना होती. ते आले असते, तर ब्लॅकथॉर्न पहिल्याच रात्री विजयी वाटला असता, अशी मला शंका आहे.

प्रश्न : मी हौशी मराठी रंगभूमीवर काम करतो. चेंबरलेन यांचा आवाज आणि शब्दफेक अमेरिकन वाटत नाही. त्यांनी नाटकाचे शिक्षण घेतले होते काय? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर : 'किल्डेअर' संपल्यावर, हाती प्रसिद्धी असताना, ते इंग्लंडला गेले. हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा मानावा लागेल. १९६८ मध्ये त्यांनी बीबीसीच्या 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी'मध्ये काम केले आणि १९६९ मध्ये बर्मिंगहॅम रेपर्टरी या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर ते हॅम्लेट म्हणून उभे राहिले. दूरचित्रवाणीवरच्या देखण्या अमेरिकन डॉक्टरने इंग्रजांच्या गावात जाऊन शेक्सपिअर बोलायचा, हे धाडस किती मोठे ते आपल्याला वेगळे सांगायला नको. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांपुढे इंदूरच्या मराठीत नाट्यसंगीत गायला उभे राहण्यासारखेच ते होते. १९७० मध्ये त्यांचा 'हॅम्लेट' दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला, तेव्हा भोवती मायकेल रेडग्रेव्ह आणि जॉन गिलगुड यांच्यासारखी इंग्रजी रंगभूमीची दिग्गज मंडळी होती. पुढच्या मालिकांमधले लांब, वळणदार संवाद ते श्वास न अडखळता बोलतात, याचे मूळ या वर्षांत आहे.

प्रश्न : 'द थॉर्न बर्ड्स' ही धर्मगुरूच्या प्रेमाची भडक कथा आहे, असे ऐकून ती कधी पाहिली नाही. ती खरोखर पाहण्यासारखी आहे काय? (एक वाचिका, सुदामानगर)

उत्तर : भडकपणा तिच्यात आहे, हे नाकारत नाही. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या विशाल कुरणावर घडणारी ही कथा बहुतांशी कॅलिफोर्नियात चित्रित झाली आणि काही ठिकाणी ते जाणवतेही. मार्च १९८३ मध्ये एबीसीने ती चार रात्री दाखवली. पहिली रात्र ख्रिस्ती लोकांच्या पवित्र सप्ताहाच्या आरंभीच्या रविवारी आल्यामुळे कॅथलिक वर्तुळात नाराजीही उमटली. प्रेक्षकसंख्येत मात्र त्या वेळी 'रूट्स'नंतर तिचाच क्रमांक लागला.

प्रेमकथेपेक्षा आपण एका प्रसंगासाठी ती पाहावी, असे सुचवतो. मेरी कार्सन ही वृद्ध, धनाढ्य, कारस्थानी मालकीण (बार्बरा स्टॅनविक यांनी ती काय रंगवली आहे!) मरण्यापूर्वी फादर राल्फच्या, म्हणजे चेंबरलेन यांनी केलेल्या धर्मगुरूच्या, हाती एक बंद पाकीट देते. त्यात तिचे नवे मृत्युपत्र असते. सगळी संपत्ती चर्चला आणि तिचा कारभार राल्फकडे. ते मृत्युपत्र कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते नष्ट केले, तर सगळे तिच्या भावाच्या कुटुंबाला, म्हणजे ज्या मुलीवर त्याचा जीव जडला आहे त्या मेगीच्या घराला, मिळेल. पुढे केले, तर त्याला रोमची, म्हणजे चर्चमधल्या वरच्या पदांची, वाट मोकळी होईल. म्हातारीने पैशांतून सापळा लावला आहे आणि तो आपल्या महत्त्वाकांक्षेचा अचूक अंदाज घेऊन लावला आहे, हे त्याला वाचतानाच कळते. चेंबरलेन या ठिकाणी आक्रस्ताळेपणा करीत नाहीत. कागद हातात धरलेला हा माणूस काय करणार ते त्याला आधीच ठाऊक आहे, आणि त्याचीच त्याला लाज वाटते आहे, एवढे ते दाखवतात. तो मृत्युपत्र पुढे करतो. उरलेल्या रात्री त्या एका कृतीचे व्याज फेडण्यात जातात.

प्रश्न : त्यांना अमेरिकन दूरचित्रवाणीचे एमी पुरस्कार किती मिळाले? (एक वाचक, देवास)

उत्तर : एकही नाही. चार वेळा नामांकन झाले : १९७५ च्या 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या दूरचित्रवाणीपटासाठी, 'शोगुन', 'द थॉर्न बर्ड्स' आणि वॉलेनबर्ग यांच्यावरील मालिकेसाठी. १९८१ मध्ये अँथनी हॉपकिन्स आणि १९८३ मध्ये टॉमी ली जोन्स पुढे गेले. गोल्डन ग्लोब मात्र तीन मिळाले.

प्रश्न : आपल्याकडे त्यांच्या तोडीचा कोणी झाला काय? (एक वाचक, नारायणबाग)

उत्तर : आपल्याकडे हा प्रकारच थोडा काळ टिकला, त्यामुळे तुलना लंगडी होणार. तरी एक नाव घ्यायचे, तर मी ओम पुरी यांचे घेईन. १९८१ मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'त लाकडाचा ओंडका फोडता फोडता प्राण सोडणारा दुखी त्यांनी केला. १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांच्या 'तमस'मध्ये नथू केला. आणि श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या 'भारत एक खोज'मध्ये अशोकापासून औरंगजेबापर्यंत कितीतरी रूपे घेतली. नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज आणि समोर ओम पुरींचा औरंगजेब, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की चेंबरलेन यांच्याकडे वाहिन्या देखणेपणाची हमी म्हणून पाहत. ओम पुरींच्या चेहऱ्याकडे तसे कोणी पाहिले नाही, आणि म्हणून त्यांना अधिक मोकळीक मिळाली.

प्रश्न : पुढे ते दिसेनासे का झाले? आणि ते आयुष्यभर अविवाहित का राहिले? (एक वाचक, पत्ता दिलेला नाही)

उत्तर : दिसेनासे झाले ते आधी मिनिसिरीज दिसेनाशी झाल्यामुळे. केबल वाहिन्यांमुळे प्रेक्षक विभागले गेले आणि खर्च मात्र वाढत गेला. १९८८-८९ च्या 'वॉर अँड रिमेंब्रन्स'वर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, तो वाहिनीला भरून काढता आला नाही, आणि मग एवढा मोठा डाव मांडायला कोणी धजेना. चेंबरलेन रंगभूमीवर परतले; ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी'तील प्राध्यापक हिगिन्स त्यांनी केले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच २००३ मध्ये आत्मचरित्रात दिले आहे. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी वयाच्या ६९ व्या वर्षी उघडपणे लिहिले. त्यांच्या उमेदीच्या काळात प्रेमकथेच्या नायकाने हे बोलणे म्हणजे काम गमावणे होते. पडद्यावरचे त्यांचे हातचे राखणे यातूनच आले, असा सोपा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो नटाच्या मेहनतीवर अन्याय वाटतो. हवाईत २९ मार्च २०२५ रोजी, एक्याण्णव वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

प्रश्न : आजच्या मुलांना दाखवायचे, तर सुरुवात कशाने करावी? (एक आजोबा, राजवाडा परिसर)

उत्तर : 'शोगुन'ने करू नका, नातवंडांनी नवी मालिका पाहिली असेल, तर ती पहिल्या तासातच तुलना करू लागतील. मॅट डेमन यांच्या चित्रपटांमुळे 'बोर्न' हे नाव त्यांच्या ओळखीचे असेल, पण १९८८ ची आवृत्ती त्यांना संथ वाटेल. 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' लावा. ती एका बैठकीत संपते आणि मेलेल्या कैद्याच्या जागी कफनात शिरून नायक समुद्रात फेकला जातो, तिथपर्यंत मुले बसली, तर पुढे ती स्वतःच उठणार नाहीत.