नव्या गाडीला ४० हजारांचं सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दसऱ्याला गडद निळी एसयूव्ही घरी येतेय. शोरूमवाला ४० हजारांचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर वाळून बसणारा पातळ पारदर्शक थर, गळ्यात मारतोय, '५ वर्षं वॉरंटी, ओरखडा पडणार नाही' म्हणतोय. पार्किंग उघड्यावर आहे आणि गाडी रोज सकाळी सोसायटीतला मुलगा पुसतो.

शोरूमला नाही म्हणा. कोटिंगलाच नाही म्हणा, असं मात्र मी म्हणत नाहीये. या दोन्हींतला फरक कळायला मला ३३ हजार रुपये लागले.

आमच्याकडे पुण्यात दोन गाड्या आहेत. एक २०१८ ची पांढरी स्विफ्ट, ती बायको चालवते. दुसरी २०२१ मध्ये घेतलेली काळी सेडान, माझी लाडकी. सेडान घेतल्यावर दहा दिवसांत एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे, नेली. २२ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,९६० रुपये मोजले. काय करतात ते बघायला मी हौसेने रजा टाकून तिथे बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो.

पहिल्या दिवशी कोटिंगचं नावच नाही. आधी धुणं. मग चाकांवर आणि पत्र्यावर एक फवारा मारला, तो लोखंडाच्या कणांवर पडला की जांभळा होऊन ओघळतो. मग क्ले, म्हणजे पोरांच्या खेळातल्या मातीसारखा गोळा, तो साबणाच्या पाण्यावरून पत्र्यावर फिरवत राहायचा. मग मशीनने पॉलिश, एकेका दरवाजाला अर्धा-अर्धा तास. खरं कोटिंग दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, ३० मिलीच्या बाटलीत. लहान मुलांच्या तापाच्या औषधाची बाटली साधारण ६० मिलीची असते, तिच्या निम्मं. तेवढ्यात अख्खी गाडी होते. स्पंजला गुंडाळलेल्या फडक्यावर चार थेंब, आधी आडवा हात, मग उभा. मिनिटाभरात पत्र्यावर रॉकेल सांडल्यासारखं इंद्रधनुष्य उमटतं, ते दिसलं की लगेच पुसायचं. उशीर झाला तर तिथे ढगासारखा डाग वाळून बसतो आणि पुन्हा पॉलिश करूनच निघतो. म्हणजे सगळा खेळ हाताचा आणि नजरेचा आहे. बाटलीवर काय लिहिलंय त्याला त्यामानाने कमी किंमत.

संध्याकाळी गाडी बघून मी हरखलो. पत्र्यात छताच्या ट्यूबलाइटी मोजता येत होत्या. ही चमक कोटिंगची नव्हती, पॉलिशची होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कोटिंग जे खाली असेल ते तसंच ठेवून त्यावर बसतं. खाली चमक असेल तर चमक, ओरखडे असतील तर ओरखडे.

आता 'ओरखडा पडणार नाही'बद्दल. गाडीवरचा रंग, प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत सगळा मिळून, साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला वरचा पारदर्शक थर ४० च्या आसपास. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा. डब्यात पोळ्या गुंडाळतो ती फॉइल याच्या पाच-दहापट जाड असते. एवढ्याशा थराने किल्लीचा, मांजराच्या नखाचा किंवा शेजारच्या स्कूटरच्या हँडलचा ओरखडा अडेल ही अपेक्षाच चुकीची. त्यासाठी पीपीएफ म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक फिल्म लागते, ती २०० मायक्रॉनच्या आसपास असते आणि खर्चही त्याच हिशेबाने लाखाच्या घरात जातो.

मग कोटिंग विकणारे सांगतात तो '९एच कडकपणा' काय? ती पेन्सिलची परीक्षा आहे. चित्रकलेच्या तासाला आपण एचबी, २एच वापरायचो, त्याच मापातली ९एच ही या परीक्षेतली सगळ्यात कडक पेन्सिल. ती घासून थरावर चरा उठला नाही की थर '९एच'. विकणारे मात्र असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हिऱ्याच्या खालोखालच काहीतरी आहे. खनिजांचा कडकपणा मोजायचं मोहसचं माप वेगळं, त्यात हिरा १० वर असतो. पेन्सिलच्या आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते मोहसच्या मापात ७ वर, आणि गाडीचे खरे शत्रू तेच.

ते कण पत्र्यावर घासतो कोण? सोसायटीतला आपला पुसणारा. त्याचा दोष नाही, बिचारा महिन्याला पाच-सहाशे रुपयांत रोज येतो. सकाळी सहाला एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. माझ्या गाडीचा नंबर यायचा तोवर बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असायचं. कालची धूळ कोरडी असतानाच ओल्या फडक्याने गोल गोल हात. सहा महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपावर उभा असताना वरच्या दिव्यात बॉनेट बघितलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे. २६ हजारांचं कोटिंग केलेली गाडी आणि तिच्यावर तेच चरे, जे स्विफ्टवर होते. पांढऱ्यावर दिसत नाहीत एवढंच.

दुसरा धक्का पाण्याने दिला. कोटिंगवर पाणी मोत्यासारखे थेंब होऊन उभं राहतं, तो व्हिडिओ तुम्हालाही शोरूमने दाखवला असेलच. पावसाच्या पाण्यात हे फार छान दिसतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर सुरू होतात, बाकी वेळ बोअर. हे पाणी जड, क्षारांचं. नऊच्या उन्हात कोणीतरी गाडीवर पाणी मारून तसंच सोडलं की प्रत्येक मोती जागच्या जागी वाळतो आणि मागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पांढरं कडं सोडतो. साध्या पत्र्यावर पाणी पसरून डाग फिका पडतो, कोटिंगवर तोच डाग नीटस गोल आणि ठसठशीत. मी डिटेलिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "पाण्याचे डाग वॉरंटीत येत नाहीत सर." पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसल्यावर बरेच डाग गेले. छतावरचे मुरलेले चार-पाच पॉलिश करूनच काढावे लागले, आणि पॉलिश केलं की तेवढ्या जागेचं कोटिंगही जातं.

वॉरंटीचं कार्ड तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच 'मेंटेनन्स' करायचा, दर वेळी १,८०० रुपये, एक चुकला की वॉरंटी संपली. दोन वर्षांत चार वेळा केला, ७,२०० झाले. बेरीज ३३,१६०. पुढे एका रिक्षाने मागचा बंपर खरवडला. विम्यात रंग झाला, पण नव्या रंगावर पुन्हा कोटिंग करायचे पैसे माझे. मी केलं नाही.

एवढं वाचून वाटेल की माणूस कोटिंगवर रागावलाय. तसं नाही. दुसऱ्या वर्षी मी पुसणाऱ्याला सेडानपुरतं थांबवलं आणि रविवारी स्वतः धुवायला लागलो. तेव्हा कळलं की ही वस्तू कशासाठी आहे. पावसाळ्यात ताम्हिणीतून आल्यावरचा चिखल नुसत्या पाण्याच्या झोताने खाली उतरतो. द्रुतगती मार्गावर बंपरला चिकटलेले किडे ओल्या फडक्याने निघतात, नखं लावावी लागत नाहीत. आमच्या पार्किंगवर उंबर आहे. पक्षी आणि वटवाघळं तिथे काय कार्यक्रम करतात ते सांगायला नको. ती घाण आम्लधर्मी असते, साध्या रंगावर दुपारच्या उन्हात दोन-चार तासांत खोल डाग पाडते. कोटिंग असेल तर थोडी सवड मिळते. थोडीच हं, आठवडा नाही. स्विफ्ट धुवायला मला पाऊण तास लागतो, सेडानला पंचवीस मिनिटं. ज्याला गाडी धुण्यात आनंद वाटतो त्याला या वीस मिनिटांची किंमत कळेल. बायकोला ती कळत नाही, आणि तिचंही बरोबर आहे.

स्विफ्टला दर तीन महिन्यांनी मी बाजारात मिळणारा स्प्रे सीलंट, म्हणजे कोटिंगचा स्वस्त, कमी टिकणारा भाऊ, मारतो. ओल्या गाडीवर फवारायचा, पुसायचा, झालं. वर्षाचा खर्च फडक्यांसकट दोन हजारांच्या आत. पाण्याचे मोती तिच्यावरही उभे राहतात, फक्त लवकर विरतात.

'पुढे विकताना किंमत जास्त येईल' हेही ऐकवलं असेल. गेल्या वर्षी सेडानची किंमत काढायला जुन्या गाड्यांचा एक माणूस बोलावला होता. त्याने टायर पाहिले, दारांची रबरं उचलून पाहिली, रंगाची जाडी मोजायचं यंत्रही लावलं, पण ते कुठला पत्रा पुन्हा रंगवलाय हे शोधायला. मी कोटिंगचं कार्ड काढलं तर म्हणाला, "ठेवा साहेब, पुढच्या गिऱ्हाइकाला द्या."

शोरूमला नाही का म्हणायचं, तर तिथे हे काम बहुधा बाहेरची माणसं डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी उरकतात. दसऱ्याला तर एकाच दिवशी रांगेने गाड्या द्यायच्या असतात. त्या घाईत क्ले आणि पॉलिशला वेळ कोण देणार? यार्डात उभ्या राहून आणि घाईत पुसून नव्या गाडीवरही बारीक चरे आलेले असतात, ते तसेच खाली राहतात. पूर्वी हेच काउंटर 'टेफ्लॉन कोटिंग' विकायचे. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, तव्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. गाडी कुठल्या भट्टीत घातली होती, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

म्हणून तुम्ही असं करा. डिलिव्हरीच्या वेळी सांगा की गाडी फक्त पाण्याने धुवा, रबिंग-पॉलिश काही नको. पहिला महिना स्वतः धुऊन बघा. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी, सावलीत, आणि वाळण्याआधी पुसून. महिन्यात चारही रविवार जमले आणि कंटाळा आला नाही, तर गडद रंग आहे, उघड्यावर उभी राहते, तुमच्यासाठी कोटिंग फायद्याचं ठरेल. तेव्हा एखादा डिटेलिंगवाला गाठा जो पॉलिशच्या आधी आणि नंतर रंगाची जाडी मोजून दाखवेल, गाडी दोन दिवस ठेवून घेईल आणि आठवडाभर धुऊ नका असं स्वतःहून सांगेल. वर्षांची वॉरंटी बघू नका, दोन वर्षं टिकलं तरी पैसे वसूल समजा. दोनच रविवार जमले तर ४० हजारांचा विषय सोडा, सीलंट आणा, आणि पुसणाऱ्याला शंभर रुपये जास्त देऊन तुमचं स्वतःचं फडकं आणि वेगळी बादली द्या.

कोकणात माहेर-सासर असेल तर एक वेगळी गोष्ट. खाऱ्या हवेचा गंज खालून आणि सांध्यांतून सुरू होतो, कोटिंग तिथे पोचतच नाही. त्यासाठी गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट मारून घ्या, ते पैसे सत्कारणी लागतील.

आणि दसऱ्याच्या पूजेला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढाल, ते त्याच संध्याकाळी धुऊन टाका. आम्ही स्विफ्टवर आईच्या आग्रहाखातर आठवडाभर ठेवलं होतं. सात वर्षं झाली, सकाळच्या तिरप्या उन्हात ते फिकट गुलाबी स्वस्तिक अजून दिसतं, आणि आई आली की ती आधी तिथे हात लावून नमस्कार करते.