‘आवाज ओळखा’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीत चार घरे एकत्र जमली की खेळता येतील अशा बैठ्या खेळांविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यांपैकी ‘आवाज ओळखा’ या एकाच खेळाविषयी सर्वाधिक पत्रे आली. पडद्याआड बसून एकाने घरातल्या एखाद्या वस्तूचा आवाज काढायचा आणि तो कशाचा आहे हे बाकीच्यांनी केवळ ऐकून सांगायचे, एवढाच हा खेळ. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : पाडव्याला आमच्या घरी ५ ते ७८ वर्षे वयाची १४ माणसे असतात. गेल्या वर्षी हा खेळ मांडला, पण दहा मिनिटांतच विसकटला. मोठी मुले आवाज पुरता होण्याआधीच उत्तर ओरडत, लहानांना संधीच मिळेना आणि बघता बघता सगळे आपापल्या मोबाइलकडे वळले. आमचे काय चुकले? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण या खेळात ओरडून उत्तर देण्याची मुभा ठेवलीत, तेथेच तो हातचा गेला असे मला वाटते. एकाने ‘खलबत्ता!’ असे मोठ्याने म्हटले की उरलेल्या तेरा जणांचे कान त्याच क्षणी काम थांबवतात, कारण आता त्यांना खलबत्त्याशिवाय दुसरे काही ऐकूच येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या हाती कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल द्यावी, आवाज दोनदा काढावा, दोन्हींमध्ये मनात पाच आकडे मोजण्याइतकी शांतता ठेवावी आणि सर्वांचे लिहून झाल्यावरच चिठ्ठ्या उघडाव्यात. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी आपले उत्तर आजीच्या किंवा मावशीच्या कानात सांगावे, ती लिहून घेईल. आमच्या घरी हा एक बदल केल्यापासून पाच वर्षांचे मूलही शेवटपर्यंत जागेवर बसून राहते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. नेमके उत्तर देणाऱ्याला पूर्ण गुण द्यावा, पण वस्तू ओळखता आली नाही तरी तिचे वर्णन बरोबर करणाऱ्याला अर्धा गुण अवश्य द्यावा. ‘धातूवर धातू आपटतो आहे, पण आत पोकळी आहे’ असे एखाद्या मुलाने लिहिले, तर त्याने कान देऊन ऐकले आहे, आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. डोळ्यांवर पट्टी मात्र बांधू नये. लहान मुले तिला घाबरतात. दोन खुर्च्यांवर टाकलेली चादर पुरेशी होते. पंखा, टीव्ही आणि शक्य असेल तर फ्रीजही तेवढा वेळ बंद ठेवावा. घर खरोखर शांत झाले की बसलेल्यांचे चेहरे कसे बदलतात, ते पाहण्यासारखे असते.

प्रश्न : घरातले कोणते आवाज निवडावेत? आमच्याकडे सात-आठ आवाजांनंतर कोणाला काही सुचत नाही. — एक गृहिणी, सांगली

उत्तर : आपल्या स्वयंपाकघरात किमान पन्नास आवाज असतील, फक्त आपण त्यांच्याकडे कामापुरतेच लक्ष देतो. सोप्या आवाजांनी सुरुवात करावी : पोळपाटावर लाटण्याची खडखड, किसणीवरचे खोबरे, रवीने घुसळलेले ताक, सुपाने पाखडलेले तांदूळ. त्यानंतर डब्यांची फेरी घ्यावी, कारण या खेळाचा खरा कस तेथेच लागतो. एकाच मापाचे पाच स्टीलचे डबे घेऊन त्यांत रवा, साबुदाणा, पोहे, हरभरे आणि शेंगदाणे घालावेत आणि एकेक डबा हलवावा. साबुदाणा स्टीलवर किणकिणतो, हरभरा टणटणतो, शेंगदाणे जरा जड आणि मऊ आपटतात, पोहे सळसळतात आणि रवा जवळजवळ कुजबुजतो. डबा एक तृतीयांशच भरावा. काठोकाठ भरलेल्या डब्यात दाण्यांना हलायला जागाच राहत नाही, त्यामुळे तो वाजत नाही. वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या बायका या फेरीत एकही गुण सोडत नाहीत, आणि एरवी ज्यांच्या या ज्ञानाची कोणी वाच्यता करत नाही, त्यांना त्या दिवशी सारे घर मानाने विचारू लागते. मला या खेळातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे.

पाण्याची एक स्वतंत्र फेरी ठेवावी. तांब्यात उंचावरून पाणी ओतू लागले की आवाज आधी खालच्या पट्टीत असतो आणि तांब्या भरत जाईल तसतसा चढत जातो, कारण पाण्याच्या वर उरलेला हवेचा स्तंभ आखूड होत जातो. नळाला पाणी आले की आतल्या खोलीत कणीक मळत बसलेल्या बाईला बाहेरचा हंडा भरत आल्याचे अचूक कळते, ते यामुळेच. खेळात ऐकणाऱ्यांनी डोळे मिटावेत आणि तांब्या काठाशी आला असे वाटताच हात वर करावा. याच फेरीत एकदा थंड आणि एकदा चांगले गरम पाणी ओतून पाहावे. दोन्हींच्या आवाजांत फरक असतो आणि तो कधीही मुद्दाम न ऐकलेल्या माणसालाही बहुधा बरोबर सांगता येतो. ओतणारी व्यक्ती मात्र मोठी असावी आणि भांडे खाली परातीत ठेवलेले असावे.

घरात कोणी गोष्ट सांगणारे असेल, तर याच वेळी श्रवणबाळाची कथा सांगावी. आंधळ्या आई-वडिलांसाठी तो शरयूवर पाणी भरत होता. पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज हत्ती पाणी पीत असल्यासारखा वाटला म्हणून दशरथाने अंधारात बाण सोडला. नुकतीच स्वतः पाण्याची फेरी खेळलेली मुले ती कथा फार निराळ्या कानांनी ऐकतात.

प्रश्न : आवाज आधीच मोबाइलवर मुद्रित करून ऐकवले तर चालतील का? तयारी सोपी होईल. — एक शिक्षक, परभणी

उत्तर : चालतील, पण मी तसे सुचवणार नाही. मोबाइलचा लहानसा स्पीकर खालच्या पट्टीतले आवाज पुरेसे वाजवू शकत नाही, त्यामुळे उखळातले मुसळ आणि टेबलावरची टकटक एकसारखीच ऐकू येते. शिवाय आवाज कोठून आला हा खेळातला अर्धा भाग त्यात नाहीसा होतो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला उजव्या कानाआधी पोहोचतो आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असला तरी मेंदूला तो कळतो. अगदी समोरून आणि अगदी पाठीमागून येणारा आवाज मात्र दोन्ही कानांना एकाच वेळी मिळतो, म्हणून तेथे फसगत होते. डोळे मिटलेल्या मुलाच्या पुढे आणि मागे आळीपाळीने चुटकी वाजवून पाहा, मान स्थिर असेल तर ते बरेचदा चुकेल आणि मान जराशी वळवायची परवानगी दिलीत की अचूक सांगेल. आपल्या वर्गातही हे सहज करता येईल.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना गेल्या काही वर्षांत कमी ऐकू येते. हा खेळ सुरू झाला की ते उठून आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्यांना खेळात घ्यावे की त्यांच्या मनाला ते लागेल? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्यांना जरूर घ्यावे, पण खेळ त्यांच्याकडे न्यावा लागेल. वाढत्या वयात बहुतेकांचे उंच पट्टीचे आवाज आधी कमी होतात. घुंगरू, घड्याळाची टिकटिक, साबुदाण्याची किणकिण, रातकिडा हे त्यांना ऐकू येणार नाहीत. पण जड मुसळाचा घाव, दाराची कडी, घंगाळात ओतलेली बादली, ढोलकीची थाप हे आवाज बहुधा चांगले ऐकू येतील. बोलण्यातही ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे उच्चार क्षीण आणि उंच पट्टीचे असतात, म्हणून ‘ऐकू येते पण कळत नाही’ अशी तक्रार वडीलधारी माणसे करतात. ती अगदी खरी तक्रार आहे. अशा वेळी कानाशी ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोलावे.

माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही फार उशिरा शहाणे झालो. एका वाढदिवसाला ते तीन आवाजांची उत्तरे चुकले, मुले हसली, आणि त्यांत माझाही स्वर होता. त्यानंतर दोन वर्षे ते खेळायला बसले नाहीत. पुढे एकदा आम्ही त्यांना पडद्यामागे बसवले आणि आवाज काढण्याचे काम त्यांच्याकडे दिले. त्यांनी करवंटीच्या दोन वाट्या लादीवर आपटून टांग्याचा घोडा आधी चालवला, मग दुडक्या चालीने पळवला आणि शेवटी लगाम खेचून उभा केला. नभोनाट्यांत टापांचा आवाज असाच काढत असत, हे त्यांना ठाऊक होते. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त वेळा ‘पुन्हा एकदा’ त्यांनाच म्हटले गेले. आपल्या सासऱ्यांनाही प्रथम हेच काम देऊन पाहा.

त्यांना ओळखणाऱ्यांत बसायचे असेल, तर हातात फुगवलेला फुगा द्यावा. ढोलकीची किंवा मुसळाची कंपने फुग्याच्या पातळ पडद्यातून तळहातांना जाणवतात, आणि मुलांनाही फुगा हवासा वाटू लागतो. ते श्रवणयंत्र वापरत असतील तर ताटे-वाट्या एकदम आपटू नयेत, तो खणखणाट यंत्रातून फार त्रासदायक होतो. ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत कमी झाले असेल, तर मात्र खेळाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : कानगोष्टींचा खेळ यातच मोडतो का? आमच्याकडे आता वाक्य फारसे बदलतच नाही, त्यामुळे मजा येत नाही. — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मोडतो. तेथे वस्तूऐवजी शब्द ओळखायचा असतो इतकेच. वाक्य बदलत नसेल तर ते नीट निवडलेले नाही असे समजावे. कुजबुजताना आपल्या स्वरतंतूंना कंप नसतो, आणि ‘ग’ व ‘क’, ‘द’ व ‘त’, ‘ब’ व ‘प’ यांतला मुख्य भेद त्या कंपाचाच असतो. त्यामुळे कानात सांगितलेली ‘गाडी’ पुढच्याला ‘काडी’ वाटते, ‘दार’ ऐकणारा ‘तार’ समजतो आणि ‘बोट’ दुखले म्हणावे तर पुढे ‘पोट’ दुखू लागते. म्हणून ‘बाबांच्या बोटाला गाडीच्या दाराचा डिंक लागला’ अशा धर्तीचे वाक्य घ्यावे आणि रांगेत किमान आठ जण बसवावेत. वाक्य एकदाच सांगायचे, पुन्हा विचारायचे नाही. शेवटी प्रत्येकाने आपण काय ऐकले ते ओळीने सांगावे, म्हणजे कोणत्या कानाशी ‘बोटा’चे ‘पोट’ झाले ते सापडते. मुद्दाम बदल करणाऱ्याला मात्र एक फेरी बाहेर बसवावे.

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. मुलांना मराठी समजते, पण बोलताना शब्द कमी पडतात. आजी-आजोबा पुण्यात आहेत. व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळता येईल का? — एक वाचक, कॅनडा

उत्तर : येईल, परंतु एक अडचण आधी दूर करावी लागेल. व्हिडिओ कॉलच्या यंत्रणा माणसाचा आवाज ठेवून बाकीचा गोंगाट समजून गाळतात. ओतलेले पाणी किंवा पाखडलेले तांदूळ त्यामुळे पलीकडे पोहोचतच नाहीत. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय चालू केली की हे गाळणे थांबते.

आपल्या मुलांसाठी खेळात एक नियम वाढवावा असे मी सुचवेन : वस्तू ओळखली की तिचा आवाज मराठीत कसा म्हणतात तेही सांगायचे. मराठीइतका आवाजांचा साठा हाताशी असताना तो मुलांपर्यंत पोहोचू नये, याचे मला वाईट वाटते. मोहरी तडतडते, वरण रटरटते, भात खदखदतो, तेल कडकडते, पैंजण छुमछुमतात, नाणी खुळखुळतात, दार करकरते. शालेय व्याकरणात यांच्या मुळाशी असलेल्या ‘तडतड’, ‘रटरट’ अशा शब्दांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात, पण मुलांना ते नाव सांगायची गरज नाही. त्यांना एक ताजी आणि एक सादळलेली चकली मायक्रोफोनजवळ मोडून ऐकवावी, म्हणजे ‘कुरकुरीत’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. आजींनी मातीचे मडके बोटाच्या पेराने वाजवावे. न तडकलेले मडके ठणठण वाजते, तडा गेलेले बद्द वाजते, आणि विकत घेताना आपण ते असेच पारखून घेतो. पुढे आजोबा ‘माझी प्रकृती ठणठणीत आहे’ असे म्हणतील तेव्हा मुलांना त्या मडक्याची आठवण होईल.

एक फेरी उलटीही खेळावी. मुलांनी आपल्याकडचे आवाज काढावेत आणि पुण्याने ते ओळखावेत : गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडणे, जाड कोटाची चेन ओढणे, ताज्या बर्फावरून बूट घालून चालणे. यांतला शेवटचा आवाज आपल्याकडच्या बहुतेकांनी कधी ऐकलेलाच नसतो, त्यामुळे त्याला मराठीत रुळलेला शब्दही नाही. मुलांनी आजी-आजोबांशी बोलून तो घडवावा आणि आम्हाला लिहून पाठवावा. याच सदरात तो छापू.