जुन्या हत्यारांवरचा गंज घरच्या घरी इलेक्ट्रोलिसिसने निघतो का, की ॲसिडच बरे?

निघतो, आणि ॲसिडचा विचार मनातून काढून टाका. इलेक्ट्रोलिसिस म्हणजे सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज सोडवणे. आपण विचारले आहे की आजोबांच्या पान्ह्यांवर आणि पकडींवर चढलेला गंज बॅटरीच्या चार्जरने काढता येईल का, चार्जर कोणता लागेल, वेळ किती लागेल आणि शेजारी म्हणतात तसे ते सरळ ॲसिडमध्ये बुडवले तर काय बिघडते. या शेवटच्या प्रश्नासाठीच मी लिहायला बसलो आहे, कारण आमच्या घरात हा वाद बरीच वर्षे चालला आहे आणि त्यात माझे नुकसान झालेले आहे.

मी सातपूरला टूलरूममध्ये फिटर होतो. आयटीआयमध्ये असताना स्वतः कानशीने घासून केलेला गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार), व्ही-ब्लॉकची (गोल वस्तू टेकवायच्या खाचेच्या ठोकळ्यांची) जोडी, छिन्न्या आणि एक पोलादी फूटपट्टी मी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती, आणि ती पेटी जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात तळमजल्यावर असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर येऊन नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, त्या वेळी आमच्या तळमजल्यातही पाणी शिरले. पुरानंतर आधी धान्य, अंथरुणे आणि कागदपत्रे वाचवायची असतात, त्यामुळे पेटीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती उघडली तेव्हा आतला गाळ वाळून हत्यारांना चिकटला होता आणि गाळाखाली गंजाचे पापुद्रे सुटत होते.

माझे थोरले चुलतभाऊ, आमचे दादा, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या धंद्यातले. त्यांचे म्हणणे असे की गंजावर ॲसिडसारखा उपाय नाही, बाकी सगळे पोरखेळ. मला न विचारता त्यांनी फूटपट्टी आणि एक व्ही-ब्लॉक कारखान्यात नेला आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवला. गंज गेला हे खरे, परंतु फूटपट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा त्याबरोबर पुसल्या गेल्या, आणि ज्या व्ही-ब्लॉकच्या कडा मी उंचवटे दाखवणारा निळा रंग लावून, घासून, पुन्हा निळा लावून आणल्या होत्या, त्या बोटाला बोथट लागू लागल्या. ॲसिड आधी गंज खाते आणि मग थांबते, अशी अनेकांची समजूत आहे. ते थांबत नाही. गंज जिथे पातळ असतो तिथले चांगले लोखंड उघडे पडते आणि जाड थर विरघळेपर्यंत ॲसिड ते लोखंड खात बसते.

उरलेल्या हत्यारांना मी त्यांना हात लावू दिला नाही. प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी घेऊन त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवला, जुन्या सळईचे तुकडे चारी बाजूंना उभे करून एकमेकांना तारेने जोडले, त्यांना चार्जरची धन बाजू दिली आणि मधोमध तांब्याच्या तारेने टांगलेल्या गुण्याला ऋण बाजू दिली. ही जोडणी उलटी झाली तर आपली वस्तू झिजते आणि सळई स्वच्छ होते, म्हणून वीज सुरू करण्यापूर्वी चार्जरचे चिमटे पुन्हा तपासावेत. प्रवाह सुरू होताच गुण्याभोवती बारीक बुडबुड्यांची दाट साय धरते. तो हायड्रोजन असतो, आणि तो गंजाच्या थराखालून सुटत असल्यामुळे थर ढिला होतो. लाल गंजाचा काही भाग काळ्या, भुसभुशीत ऑक्साइडमध्ये बदलतो. सळयांवर मात्र तपकिरी चिखल जमतो, आणि तो मधूनमधून खरवडला नाही तर प्रवाह मंदावतो.

गुण्या बाहेर काढला तेव्हा तो काजळी फासल्यासारखा काळा होता. नळाखाली धरून भांडी घासायच्या काथ्याने घासल्यावर काळे पाणी वाहून गेले आणि खाली माझ्याच कानशीच्या तिरप्या रेघा दिसल्या. पात्याच्या मुळाशी पंचने ठोकलेला माझा हजेरी क्रमांक होता. त्यातल्या आठाच्या दोन्ही पोकळ्या स्वच्छ होत्या आणि कडा जशाच्या तशा होत्या. गंजाने पाडलेले खड्डे अर्थात तसेच राहिले, कारण गेलेले लोखंड कोणत्याही पद्धतीने परत येत नाही. पण जे शिल्लक होते त्यातला कणही गेला नाही, आणि ॲसिडबद्दल असे म्हणता येत नाही.

दादांनी त्यावर असा आक्षेप घेतला की हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि ते ठिसूळ होते. आक्षेप अगदी निराधार नाही, परंतु तो प्लेटिंगवाल्याने घ्यावा याचे मला आजही आश्चर्य वाटते, कारण ॲसिडमध्ये बुडवलेल्या लोखंडावरही हायड्रोजनच सुटतो, आणि कठीण पोलादाचे सुटे भाग प्लेटिंगनंतर सुमारे दोनशे अंशांवर काही तास भट्टीत ठेवतात ते याच कारणासाठी. साध्या लोखंडाला आणि बिडाला त्याचा त्रास होत नाही. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजावरून ऑस्ट्रेलियाजवळ समुद्रात टाकलेल्या बिडाच्या तोफा १९६९ मध्ये वर काढल्या, तेव्हा त्या जतन करण्यासाठी इलेक्ट्रोलिसिसच वापरले गेले. दोनशे वर्षे समुद्रात राहिलेल्या तोफांना जे चालले, ते आजोबांच्या पान्ह्यांना चालेल.

चार्जरविषयी: बारा व्होल्टचा, जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला साधा चार्जर घ्या. हल्लीचे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. पान्ह्याएवढ्या वस्तूला दोन ते पाच अँपिअर पुरतात. वेळ गंजाच्या जाडीवर अवलंबून आहे. काही तासांत किंवा रात्रभरात काम होते, आणि जास्त वेळ राहिले म्हणून लोखंड झिजत नाही. प्रवाहाचा परिणाम समोरच्या बाजूवर जास्त होतो, म्हणून सळया चारी बाजूंना हव्यात. सोडा खर्च होत नाही, आटलेले पाणी तेवढे भरावे.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. सळईऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट कधीही लावू नका, कारण त्यातले क्रोमियम विषारी स्वरूपात पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ घालू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू आणि ॲल्युमिनियम या पाण्यात घालू नका. हायड्रोजन हवेत साठला तर ठिणगीने पेटतो, म्हणून हे काम गच्चीवर किंवा अंगणात करावे आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा. पकडींमध्ये स्प्रिंग असेल तर ती आधी काढून ठेवा. स्प्रिंग आणि कडक केलेल्या पोलादाच्या बाबतीत दादांचा आक्षेप खरा आहे. धुतल्यावर वस्तू लगेच पुसून, उन्हात किंवा गरम हवेने कोरडी करून शिवणयंत्राचे तेल लावा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळी हवेत तासाभरातच तिच्यावर नारिंगी छटा येते.

इतके करूनही शेजारी ॲसिडचाच आग्रह धरत असतील, तर एकाच डब्यातले सारखे गंजलेले दोन बोल्ट घ्या, एक त्यांना द्या आणि एक आपण सोड्याच्या पाण्यात टाका. दोन्ही स्वच्छ झाल्यावर एकच नवा नट आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर चढवून आटे किती ढिले झाले ते पाहा, आणि मायक्रोमीटर मिळाला तर दोन्ही बोल्टांचा व्यास त्यांच्या समोरच मोजा. मी दादांना हे अनेकदा सुचवले. त्यांनी बोल्ट अजून दिलेला नाही.