त्रितारांकित सूर्यमाला की तिघांचा जोडतारा?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. सातवीच्या मुलांनी भित्तिपत्रकासाठी प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर मजकूर लिहिला. त्यातलं एक वाक्य असं: ‘हा ग्रह एका त्रितारांकित सूर्यमालेत असून त्याच्या आकाशात तीन सूर्य तळपतात.’ बाईंना ‘त्रितारांकित’ खटकलं, पण पर्याय सुचेना. बहुतारकीय प्रणाली, तारकासमूह, युग्मतारा, द्वैती तारा हे सगळे शब्द त्यांनी चाचपून पाहिले. दोन-तीन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि त्यात ग्रहही असेल, तर मराठीत नेमकं काय म्हणायचं, असं त्या विचारतात.

बाई, खटकलं ते योग्यच खटकलं. तारांकित म्हणजे ताऱ्याची खूण केलेलं. विधानसभेत ज्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांना तोंडी द्यावं लागतं तो तारांकित प्रश्न, आणि फाटकापाशी दरवान सलाम ठोकतो ते पंचतारांकित हॉटेल. ‘त्रितारांकित ग्रह’ वाचल्यावर मला आधी खोलीचं भाडं आणि फुकटचा नाश्ता आठवला. ‘तारकासमूह’ही इथे चालणार नाही. मृग, वृश्चिक, सिंह ही आपल्याला दिसणारी चित्रं आहेत. त्यांतले तारे बहुतेकदा एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षं दूर असतात. ‘बहुतारकीय प्रणाली’ चुकीची नाही, पण सातवीतल्या मुलाने ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि मग त्याचा चेहरा बघावा.

आता ‘सूर्यमाला’. हा शब्द मला फार दिवसांपासून गंमतीचा वाटतो. पुष्पमाला म्हणजे फुलांची माळ, मौक्तिकमाला मोत्यांची, मुंडमाला मुंडक्यांची, व्याख्यानमाला व्याख्यानांची. म्हणजे ‘माला’च्या आधी येतात ते तिचे मणी. या हिशेबाने सूर्यमाला ही सूर्यांची माळ व्हायला हवी, पण आपल्याकडे सूर्य एकच आणि मणी म्हणजे ग्रह. तेव्हा अर्थाला धरून पाहिलं तर ‘ग्रहमाला’च बरोबर, आणि तो शब्दही मराठीत चांगला रुळलेला आहे. आपल्या घरच्या सूर्यमालेला मी हात लावणार नाही, ती तोंडात बसली आहे. परक्या ताऱ्याच्या बाबतीत मात्र ग्रहमाला म्हणावं. ‘सूर्य’ हे मुळात आपल्या ताऱ्याचं नाव, ते उगाच सगळ्यांना का वाटा? शिवाय तीन ताऱ्यांच्या ठिकाणी ‘सूर्यमाला’ म्हटलं की शब्द अचानक शब्दशः खरा होतो आणि वाचणाऱ्याला कळेनासं होतं की मणी कोण, ग्रह की तारे.

मुख्य प्रश्न ताऱ्यांचा. ‘द्वैती तारा’ पुस्तकांत भेटतो, पण मला त्यात द्वैतमत मांडणाऱ्या मध्वाचार्यांचा एखादा अनुयायी कपाळाला गोपीचंदन लावून उभा दिसतो. ‘युग्मतारा’ नेटका आहे, फक्त दोनावर अडतो. तिसरा तारा आला की ‘त्रियुग्म’ म्हणता येत नाही, कारण युग्म म्हणजेच दोन. कुणी जुळे-तिळेच्या चालीवर ‘तिळे तारे’ सुचवतील. एकाच ढगातून एकत्र जन्मलेल्यांना ते शोभेलही, पण तिळ्यांनी एकमेकांसारखं दिसावं अशी आपली अपेक्षा असते आणि इथे तिसरं भावंड, प्रॉक्सिमा, अगदीच किरकोळ निघतं. आणि कृपा करून ‘त्रितारी’ नको. एकतारी ही तारेची, ताऱ्याची नव्हे. फारसीत सेह म्हणजे तीन, सेहतार म्हणजे तीन तारांचं वाद्य, त्यावरून आपली सतार. त्याच फारसीतला ‘सितारा’ मात्र खरोखर आकाशातला, आपल्या ‘तारा’चा आणि इंग्रजी ‘स्टार’चा चुलतभाऊ. तेव्हा तीन तारा वाजवायच्या की तीन तारे बघायचे, हा घोळ भाषेत आधीच पुरेसा आहे.

माझं मत ‘जोडतारा’ला. यावर लगेच आक्षेप येतो: जोड म्हणजे दोन, मग तीन किंवा चार ताऱ्यांचं काय? याचं उत्तर बाईंच्या फळ्यावरच आहे. मुलांना ‘स्त्री’ लिहायला सांगा. स्, त् आणि र् अशी तीन व्यंजनं एकमेकांना चिकटली, तरी आपण त्याला जोडाक्षरच म्हणतो, तिअक्षर म्हणत नाही. ‘कार्त्स्न्य’ लिहायला सांगितलंत तर र्, त्, स्, न्, य् अशी पाच येतील. वर्ग ओरडेल, पण जोडाक्षर ते जोडाक्षरच. म्हणजे या ‘जोड’मध्ये मोजणी नाही, जोडणं आहे. ‘जोडपं’ दोघांवर थांबतं, ‘जोडाक्षर’ थांबत नाही. जोडताऱ्याने जोडाक्षराच्या वळणाने जावं: दोघांचा जोडतारा, तिघांचा जोडतारा, चौघांचा जोडतारा. जोडाक्षरासारखाच हा शब्द एकवचनी राहतो आणि आतला प्रत्येक तारा दुसऱ्याचा ‘सोबती’ होतो. ‘जोडतारा’ म्हणजे त्या दोघांतला एक की दोघं मिळून, हा गोंधळही मग राहत नाही.

एक अट मात्र पाळावी. जोडणारं काहीतरी हवं, आणि ते गुरुत्वाकर्षण. नुसते शेजारी दिसले म्हणून जोडतारा होत नाही. यासाठी तुमच्या मुलांचा प्रॉक्सिमा ज्या ताऱ्याचा सोबती आहे, तोच तारा बघा. नरतुरंग या तारकासमूहातल्या सगळ्यात ठळक ताऱ्याला, अल्फा सेंटॉरीला, आपल्याकडे ‘मित्र’ म्हणतात आणि त्याच्या शेजारच्या ठळक ताऱ्याला ‘मित्रक’. मे महिना संपता संपता रात्री दहाच्या सुमारास मालवणच्या बाजूला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, तर त्रिशंकू या तारकासमूहाच्या डावीकडे ही जोडगोळी क्षितिजाच्या थोडी वर दिसते. मुठी एकावर एक ठेवून मोजलं तर दीडेक मूठ उंच, त्यामुळे समोर माडांची रांग आली की संपलं. दिसायला दोघे सख्खे. प्रत्यक्षात मित्र सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर आणि मित्रक जवळपास चारशेवर. नावात मैत्री आहे तेवढीच, बाकी एकमेकांशी देणंघेणं नाही.

उलट, नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा मित्र हा खरा जोडतारा. छोट्या दुर्बिणीतूनही त्याचे दोन ठिपके होतात, एक पिवळसर आणि दुसरा किंचित नारिंगी. हे पहिल्यांदा टिपलं गेलं तेही आपल्याच देशातून. डिसेंबर १६८९ मध्ये जाँ रिशो नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री पुदुच्चेरीत दुर्बिणीतून धूमकेतू पाहत होते, तेव्हा हा तारा त्यांना दुहेरी दिसला. ते दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पुरी करतात, म्हणजे रिशोंनी पाहिल्यापासून चार फेऱ्या झाल्या, पाचवी चालू आहे. तिसरा सोबती सापडायला १९१५ उजाडलं. जोहान्सबर्गच्या वेधशाळेतले रॉबर्ट इनेस यांनी तो शोधला. तो या दोघांपेक्षा आपल्याला जरा जवळ, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून ‘प्रॉक्सिमा’ म्हणजे सर्वांत जवळची. लॅटिनात स्त्रीलिंगी झाली, मराठीत आल्यावर पुन्हा ‘तो तारा’. तो इतका मंद आहे की डोळ्यांना दिसत नाही, आणि जोडीपासून इतका लांब की एका फेरीला साडेपाच लाख वर्षं लागावीत.

‘मित्र’ या शब्दातही एक मेख आहे. सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव कोणतं येतं? ‘ॐ मित्राय नमः’. मित्र हे सूर्याचंच नाव. संस्कृतात सूर्य असेल तेव्हा मित्र पुल्लिंगी आणि स्नेही असेल तेव्हा नपुंसकलिंगी, ‘मित्रम्’. मराठीने दोघांनाही ‘तो’ करून टाकलं. तेव्हा या ताऱ्याला सूर्य म्हणायची मुलांना हौसच असेल, तर ती नावातच भागलेली आहे.

पण ‘आकाशात तीन सूर्य तळपतात’ हे वाक्य काढायलाच हवं. ग्रह सापडला तो प्रॉक्सिमाभोवती, ऑगस्ट २०१६ मध्ये तो जाहीर झाला. त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं, कारण तो आपल्या ताऱ्याला अगदी खेटून, जेमतेम ७५ लाख किलोमीटरवरून फिरतो. त्यामुळे प्रॉक्सिमा मुळात सूर्याच्या एक सप्तमांशाएवढा असूनही तिथे आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल, तांबूस. बाकीचे दोघे मात्र पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १३,००० पट दूर आहेत. तिथून ते शुक्रापेक्षा ठळक दिसतील, पण आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढाही उजेड पडणार नाही. मराठी माणूस अशाला सूर्य म्हणत नाही. ज्याच्यामुळे दिवस होतो तो सूर्य, रात्री लखलखते ती चांदणी. शुक्रासारख्या ग्रहालाही आपण ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो ते याच न्यायाने. म्हणून तिथे एक सूर्य आणि दोन चांदण्या.

खरोखर दोन सूर्य मावळतात ते केप्लर-१६ नावाच्या जोडताऱ्याच्या ग्रहावर. तो २०११ मध्ये जाहीर झाला. दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह त्या दोघांना मिळून २२९ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. हे दोन प्रकार वेगळे सांगायला नवे शब्द घडवायची गरज नाही, मराठीच्या शेपट्या पुरतात. प्रॉक्सिमाचा ग्रह ‘जोडताऱ्यातला’, केप्लर-१६ चा ‘जोडताऱ्याभोवतीचा’. एवढ्याशा ‘तला’ आणि ‘भोवतीचा’ यांत सगळी भूमिती आली. हौशी स्वयंसेवकांनी शोधलेला आणि २०१२ मध्ये जाहीर झालेला केप्लर-६४ चा ग्रह तर एका जोडीभोवती फिरतो आणि दुसरी जोडी लांबून सोबतीला आहे. तो चौघांच्या जोडताऱ्यातला, पण दोघांभोवतीचा. सावकाश वाचलं तर बरोबर कळतं.

शेवटची कटकट अक्षरांची. शास्त्रज्ञ ताऱ्यांना मोठ्या लिपीतली रोमन अक्षरं देतात आणि ग्रहांना छोट्या लिपीतली, तीही बी पासून, कारण पहिलं अक्षर ताऱ्यासाठी राखलेलं असतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. २०१२ मध्ये मित्राच्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. त्याला मराठीत लिहायचं तर ‘अल्फा सेंटॉरी बीबी’, म्हणजे थेट औरंगाबादचा मकबराच. सुदैवाने २०१५ मध्ये तो ग्रह म्हणजे आकडेमोडीतला भास असल्याचं दिसून आलं आणि मराठी सुटली. पण पहिल्या ताऱ्याभोवतीही ग्रह असावा असं जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२५ मध्ये सुचवलं गेलंय. त्यावर शिक्कामोर्तब झालं तर प्रश्न परत दारात. म्हणून तारे अ, ब, क असे लिहावेत आणि ग्रहाच्या अक्षराआधी ‘ग्रह’ हा शब्द न चुकता घालावा: मित्र-अ, मित्र-ब, प्रॉक्सिमाचा ग्रह बी.

भित्तिपत्रकासाठी मी असं लिहीन: ‘मित्र हा तीन ताऱ्यांचा जोडतारा आहे. त्यातल्या सर्वांत लहान ताऱ्याभोवती, प्रॉक्सिमाभोवती, एक ग्रह सापडला आहे. त्याचं वर्ष अकरा दिवसांचं. त्याच्या आकाशात एक मोठा तांबूस सूर्य आणि शुक्राहून ठळक अशा दोन चांदण्या दिसत असतील.’ प्रॉक्सिमालाही मराठी नाव हवं असेल तर ‘समीप मित्र’ म्हणता येईल. मुलं त्याचं ‘जवळचा मित्र’ करतील. करू देत.