आजी बसल्याशिवाय गाडी सुटत नाही

धनकवडीच्या ताई,

चांगलं चार पानी पत्र लिहिलंत, पण काळजी एकच. मुलगा पाच वर्षांचा, आणि त्याला बाबांसारखं पीएमटीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा, ड्रायव्हर व्हायचंय. (2007 सालीच तिची पीएमपीएमएल झाली, पण आपल्या तोंडी पीएमटीच.) शाळेत 'मी मोठेपणी कोण होणार' असा कार्यक्रम आहे. तुम्ही तुळशीबागेतून डॉक्टरचा पांढरा कोट आणलात, तर पोरानं भोकाड पसरलं. त्याला खाकी शर्टच हवा. "हे खूळ डोक्यातून कसं काढू?" असं विचारताय.

काढू नका. तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता एक तक्रार केलीय, ती पुन्हा वाचा. ताट म्हणजे स्टिअरिंग, लाटणं म्हणजे गिअर, दिवाणावरच्या आजी म्हणजे पॅसेंजर. आणि आजी "बसले रे" म्हणेपर्यंत हा गाडीच सोडत नाही, म्हणून तुमच्या पोळ्या खोळंबतात. अहो ताई, तुम्हाला त्यात फक्त लाटणं दिसलं?

या वयाच्या पोरांची बस म्हणजे भोंगा आणि वेग. घुर्रर्र करत घरभर पळायचं, झालं. म्हातारं माणूस टेकेपर्यंत थांबायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून कधीतरी कात्रज ते स्वारगेट गेला असेल, तेव्हा त्यानं पाहिलं असणार. आरशात बघून, सगळे चढलेत ना याची खात्री करून गाडी सोडणारा ड्रायव्हर काय असतो, ते गुडघे दुखणाऱ्या बाईला विचारा. मला विचारा.

यजमान म्हणे हसून म्हणतात, "माझ्यासारखा नको रे बाबा." तुम्हाला ते समजूतदार वाटतात. मला त्यांचा राग आला. पहाटेची ड्युटी, ट्रॅफिक, लोकांची बोलणी, सगळं मान्य. पण मुलगा रोज सांगतोय की बाबा, तू भारी आहेस, आणि हे गृहस्थ रोज त्याला खोटं पाडतायत. नम्रता बाहेर दाखवावी, पोरासमोर कशाला?

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. कायद्यानं वीस वर्षांच्या आत बस चालवायला मिळत नाही. म्हणजे पंधरा वर्षं आहेत, तोवर तो आणखी दहा गोष्टी होईल. पुण्यात 2019 पासून विजेवरच्या बस आल्यात, त्यांना हातानं टाकायचे गिअर नाहीत. तुमचं लाटणं आपोआप सुटेल.

आता एकच करा. तो कोट भाच्याला देऊन टाका. यजमानांचा जुना खाकी शर्ट टेलरकडून पोराच्या मापाचा करून घ्या. कार्यक्रमाच्या सकाळी त्याची बटणं तुम्ही लावायची नाहीत, बाबांनी लावायची. ड्युटी बदलून घ्या म्हणावं. आणि शाळेत त्यांनी बिल्ल्यासकट आपल्या खाकीत पहिल्या रांगेत बसायचं. "साध्या कपड्यांत येतो" म्हणाले तर ऐकू नका.

कार्यक्रमाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. तेव्हा टेलरकडे आजच जा.