वाचकांचे प्रश्न : पाठवणारी मंडळी आणि जाणारा सेवक

परदेशी ख्रिस्ती सेवेला निघालेल्यांची आणि त्यांना पाठवू पाहणाऱ्या मंडळ्यांची (म्हणजे स्थानिक चर्चची) बरीच पत्रं साठली होती. त्यांतले पैशांसंबंधीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी, पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा असे तीन वर्षांसाठी केनियातल्या एका बायबल शाळेत जाणार आहोत. राहायला घर तिथली मंडळी देणार आहे. किराणा, मुलाची फी, वीज-पाणी आणि तिथलं जाणं-येणं मिळून महिन्याला ७०,००० रुपये धरले आहेत. पाळकसाहेबांना हे अंदाजपत्रक द्यावं का? — अहिल्यानगर

उत्तर : अजून देऊ नका. ७०,००० हा तिथे जगण्याचा खर्च झाला, तुम्हाला तिथे पाठवण्याचा खर्च त्यात आलेलाच नाही. कमी आकडा सांगितला की मंडळीला बरं वाटतं, पण वर्षभरानं पुन्हा हात पसरायची वेळ येते आणि तेव्हा विश्वासाला तडा जातो.

राहून गेलेल्या बाबी अशा. तिघांचा आरोग्यविमा, आणि तोही गंभीर आजारात मायदेशी आणण्याचा खर्च देणारा. दर दोन वर्षांनी एकदा घरी येण्याची तिकिटं. तिघांना १,२०,००० लागतील असं धरलं तर २४ महिन्यांत दरमहा ५,००० बाजूला पडायला हवेत. भविष्य निर्वाह निधी किंवा म्हातारपणाची दुसरी तरतूद. ही सर्वांत आधी कापली जाते, आणि साठीनंतर सेवकाला भाच्या-पुतण्यांच्या दारात उभं राहावं लागतं ते त्यामुळेच. शिवाय परवाने, नूतनीकरण, कागदपत्रं. उदाहरणादाखल विमा ६,०००, तिकिटं ५,०००, म्हातारपण ६,०००, परवाने २,००० धरा. बेरीज ८९,००० होते.

आता चलन. मंडळी देणार रुपये, तुम्ही खर्च करणार शिलिंग. २०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे १६० केनियन शिलिंग मिळत होते, काही महिन्यांत ते १३० च्या आसपास आले. पाठवणाऱ्यानं एक पैसाही कमी केला नाही, तरी हातातल्या शिलिंगांचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. म्हणून निदान १० टक्के जादा तरतूद ठेवा : ९७,९००.

तुमची मिशन संस्था कार्यालयीन खर्चासाठी ८ टक्के कापत असेल तर ९७,९०० वर ८ टक्के चढवून भागत नाही, कारण कपात जमा झालेल्या एकूण रकमेवर होते. ९७,९०० ला ०.९२ ने भागा, म्हणजे सुमारे १,०६,४०० येतात. शेवटी, देणगीची दिलेली सगळी वचनं टिकत नाहीत. नोकऱ्या जातात, बदल्या होतात, घरात दुखणी येतात. दहातलं एक थांबेल असं आधीच धरून ०.९ ने भागा. मागायचा आकडा झाला सुमारे १,१८,०००. पाळकसाहेबांना ७०,००० पासून १,१८,००० पर्यंतची ही सगळी पायरी-पायरी दाखवा. नुसता शेवटचा आकडा दाखवलात तर तो उधळपट्टीचा वाटेल.

निघण्याचा एकरकमी खर्च वेगळ्या कागदावर लिहा : पहिली तिकिटं, परवाना, लसी, सामान, सुरुवातीच्या दोन महिन्यांची शिल्लक. केनियात धर्मसेवेसाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो. इ-टीए (ऑनलाइन मिळणारा प्रवेशपरवाना) हा देशात शिरण्यापुरता असतो, त्यावर काम सुरू करू नका. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिचं कार्ड जन्मभर चालतं, पण परतताना ते जवळ नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात. मुलाचं कार्ड वेगळं काढायचं असतं.

प्रश्न : देवानं पाचारण केलं आहे तर तोच पुरवील. माणसांकडे मागणं हा अविश्वास नाही का? — सोलापूर

उत्तर : इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरनी अनाथाश्रम चालवताना माणसांकडे मागितलं नाही, फक्त प्रार्थना केली. त्यांचा आदर राखूनच सांगतो, तो एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही. स्पेनला जाताना आपल्याला पुढे पोहोचवावं ही अपेक्षा प्रेषित पौलानं रोममधल्या मंडळीला स्वतः लिहून कळवली (रोम. १५:२४). योहानाच्या तिसऱ्या पत्रात तर अशांना साहाय्य करणारे सत्याचे सहकारी ठरतात असं म्हटलं आहे. मिशनरी विल्यम कॅरी भारतात आले त्यामागे २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावात थोड्या लोकांनी दिलेली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची वचनं होती. गरज लपवली तर मंडळीला देण्याची संधीच मिळत नाही. तुम्ही प्रार्थना करा, आणि सांगाही.

प्रश्न : महिन्याला लाखावर रक्कम ऐकून धडकी भरते. एवढे पैसे कोण देणार, आणि मंडळ्यांमध्ये नक्की कसं जायचं? — पुणे

उत्तर : रक्कम फोडली की धडकी कमी होते. वरच्या १,१८,००० चंच उदाहरण घ्या. आपली मंडळी २५,०००, आणखी सहा मंडळ्या प्रत्येकी ५,०००, चाळीस कुटुंबं प्रत्येकी १,०००, सेहेचाळीस कुटुंबं प्रत्येकी ५००. हिशेब जुळतो. पण ही ८६ कुटुंबं आहेत. तिघांमागे एक होकार धरला तर सुमारे २६० घरी बसून बोलावं लागेल. आठवड्याला चार घरं केली तर ६५ आठवडे होतात. म्हणून ‘येत्या जूनला निघतो’ असं आज कुणालाही सांगू नका.

पहिली पायरी स्वतःची मंडळी. बायबलमध्ये अंत्युखियातल्या मंडळीनं उपास-प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना रवाना केलं, हा क्रम मोडू नका. आधी पाळक, मग पंच किंवा पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती), मग उपासनेत घोषणा. कमिटीकडून लेखी ठराव घ्या : आम्ही यांना पाठवतो, दरमहा इतकी रक्कम देतो, अमुक महिन्यापासून. ठराव नसेल तर पाळकांची बदली झाल्यावर नवे पाळक ‘हे कोण?’ असं विचारतात आणि रक्कम थांबते. हे वारंवार घडतं, आणि त्यात नव्या पाळकांचा काही दोष नसतो.

दुसऱ्या मंडळीत जायचं तर तिथल्या पाळकांच्या परवानगीशिवाय एकाही सभासदाकडे पैशांचा विषय काढू नका, मग तो सख्खा मावसभाऊ असला तरी. परवानगी न घेता पाच कुटुंबं मिळवाल, पण ती मंडळी कायमची गमवाल. उपासनेत सात मिनिटं मिळाली तर साडेसहात संपवा. कुठे, कोणात, काय काम, आणि तिथल्या मंडळीनं का बोलावलं एवढंच सांगा. वेदीवरून रक्कम बोलू नका, ती चहाच्या वेळी वचनकार्डावर येऊ द्या. कार्डावर नाव, फोन, रक्कम, दरमहा की वार्षिक, पहिला महिना आणि ‘फक्त प्रार्थना करीन’ असा एक चौकोनही असावा. या शेवटच्या चौकोनावर खूण करणारे पुढे पैसेही देतात, पण त्यासाठी तो छापायचा नाही.

सात दिवसांच्या आत फोन करा. पंधरा दिवस गेले की कार्ड बायबलमध्ये राहतं आणि वचन विसरलं जातं. संस्थेच्या खात्यावर यूपीआय ऑटोपे लावून द्यायला मदत करा. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन घालावा लागत नाही, त्यामुळे ५०० आणि १,००० ची वचनं आपोआप टिकतात.

सर्वांत मोठी चूक एकच आहे : मिळालेली भेट दरमहाच्या रकमेत मोजणं. कुणी ६०,००० दिले तर ते पाच हजारांचं मासिक वचन नव्हे, तो एकरकमी खर्चाच्या कागदावर जातो. आणि कार्डावरची बेरीज पाहून तिकीट काढू नका. सलग तीन महिने नव्वद टक्के रक्कम प्रत्यक्ष खात्यात आली की तारीख ठरवा.

प्रश्न : आमच्या मंडळीचा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट आहे. आम्ही परदेशातल्या आमच्या सेवकाच्या खात्यावर थेट पैसे पाठवू शकतो का? काही सभासद त्याच्या इथल्या बचत खात्यात भरतात, ते चालेल का? — खजिनदार, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही टाळा. बँकेतून वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवण्याची जी सवलत आहे ती निवासी व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. दुसरं, नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टला आयकरात जी सूट मिळते ती भारतात खर्च केलेल्या रकमेवर. बाहेरच्या खर्चाला त्यासाठी वेगळी पूर्वपरवानगी लागते. चांगल्या हेतूनं पाठवलेल्या रकमेवर मंडळीला कर भरावा लागू शकतो, आणि ऑडिटमध्ये प्रश्न खजिनदारालाच विचारतात.

सेवकाच्या खात्याचंही तसंच आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर वरची नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते. शिवाय तो नोकरी-सेवेसाठी बाहेर गेला की त्याचं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करावं लागतं. अनेक जण ते करत नाहीत आणि केवायसीच्या वेळी अडकतात.

मळलेली वाट अशी : मंडळीचा पैसा भारतातल्या नोंदणीकृत मिशन संस्थेकडे जातो, संस्था सेवकाला नेमणूकपत्र देते, पगार देते, भविष्य निर्वाह निधी कापते आणि देणाऱ्याला पावती देते. सेवकाचा कर पगाराप्रमाणे निघतो. बाहेरच्या कामाचा हा पगार संस्थेच्या करसवलतीत बसतो का, हे संस्थेनं आपल्या सीएकडून लेखी घेतलेलं असावं. ते पत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका. करिंथच्या मंडळीला वर्गणीबद्दल लिहिताना पौलही हेच सांगतो, की प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा (२ करिंथ. ८:२१), आणि म्हणून तो एकटा पैसे घेऊन जात नाही.

पावतीवर ८०जी (देणाऱ्याला आयकरात वजावट देणारं कलम) लिहिलेलं असेलच असं धरू नका. केवळ धार्मिक कामाच्या देणगीला ही वजावट मिळत नाही. सभासदाला आधीच स्पष्ट सांगा, मार्चअखेरीला वाद नको.

प्रश्न : माझे मामा अमेरिकेत आहेत, आता तिथले नागरिक. चुलतभाऊ दुबईत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय. दोघांना माझ्या संस्थेला पैसे द्यायचे आहेत. — नाशिक

उत्तर : दोघांचे पैसे कायद्यानं वेगळे आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या चुलतभावानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. मामांची ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. ज्यांच्याकडे नोंदणी आहे अशा दुसऱ्या संस्थेनं घेऊन तुमच्या संस्थेला द्यावी हा मार्गही बंद आहे, २०२० पासून असं हस्तांतर चालत नाही. चुलतभावाच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा.

प्रश्न : आमची मंडळी चाळीस घरांची, सगळी शेतकरी आणि मजूर. दरमहा वचन कुणालाच जमत नाही. आमची मुलगी नर्स म्हणून मिशन हॉस्पिटलात बाहेर चालली आहे. आम्ही काय द्यावं? — जालना जिल्हा

उत्तर : दरमहाचा आग्रहच सोडा. तुमचं उत्पन्न सोयाबीन-कापूस विकल्यावर येतं, मग वचनही त्याच वेळचं, वार्षिक घ्या. कापणीच्या सणाला आलेल्या धान्या-भाजीचा लिलाव होतो, त्यातला ठरलेला हिस्सा तिच्या नावे ठरावात लिहा. संस्थेनं तो बारा भागांत वाटून द्यावा.

मिझोरमच्या मंडळ्यांकडे पाहा. तिथे बाई स्वयंपाकाला तांदूळ काढताना प्रत्येक वेळी एक मूठ बाजूला ठेवते. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात, आणि १९१० पासून ही रीत चालू आहे. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो, आणि त्यातून मंडळीच्या सेवाकार्याला मोठी रक्कम उभी राहते. तुमच्याकडे मूठभर ज्वारी. एक मूठ ५० ग्रॅमची धरा. चाळीस घरं, दिवसाला दोन मुठी, म्हणजे रोज चार किलो, महिन्याला १२० किलो, सव्वा क्विंटलला थोडी कमी. महिला मंडळानं दर रविवारी गोळा करून वजन वहीत लिहावं, दोघींच्या सह्या असाव्यात. धान्य तीन महिन्यांच्या वर साठवू नका. पावसाळ्यात कीड लागते, आणि किडलेलं धान्य पाहून माणसं मूठ काढणं बंद करतात.

प्रश्न : ‘म्हाताऱ्या आईवडिलांना टाकून चाललास’ असं मंडळीतलेच लोक बोलतात. त्यांच्या औषधांचा खर्च आधारात धरणं योग्य आहे का? — लातूर

उत्तर : धरायलाच हवा, आणि उघडपणे. तुम्ही इथे राहिला असता तर पगारातून दिलाच असता. अंदाजपत्रकात ‘आईवडील’ अशी ओळ लिहा आणि मंडळीतलं एक कुटुंब नेमून घ्या, जे आठवड्याला घरी जाईल आणि गरज पडल्यास दवाखान्यात नेईल. त्या कुटुंबाचं नाव ठरावात यावं. पैसे पोहोचतात, पण रात्री रिक्षा बोलवायला माणूस लागतो.

प्रश्न : आजारपणामुळे आमचे सेवक दीड वर्षातच परतले. खात्यात पैसे शिल्लक आहेत. काही देणगीदार परत मागतात, काही म्हणतात त्यांनाच द्या. — पुणे जिल्हा

उत्तर : देणगी संस्थेला दिली असेल तर ती संस्थेची आहे. साधारणपणे ती परत करता येत नाही, आणि सेवकाच्या खिशातही घालता येत नाही. पण परत आलेल्या कुटुंबाला तीन ते सहा महिन्यांचा पगार, उपचार आणि घर लावायचा खर्च हा त्याच कामाचा शेवटचा भाग आहे. त्यातून तो करावा आणि उरलेली रक्कम ठराव करून दुसऱ्या सेवकाकडे वळवावी. देणाऱ्या प्रत्येकाला आकड्यांसह एक पानाचं पत्र गेलं पाहिजे, पाचशेवाल्यालाही. यापुढे वचनकार्डाच्या मागे हे छापून घ्या : ‘सेवक ठरलेल्या मुदतीआधी परतल्यास शिल्लक रक्कम प्रथम त्याच्या पुनर्वसनासाठी व नंतर संस्थेच्या ठरावानुसार अन्य सेवकांसाठी वापरली जाईल.’ त्याखाली देणाऱ्याची सही घ्या.